अकरा दिवस उघडं राहिलेलं पान

तायडे मॅडम उभ्यानं काम करायच्या. ऑफिसात त्यांना टेबल होतं, खुर्ची होती, खुर्चीवर उशीही होती. पण लॅपटॉप खिडकीच्या रुंद कट्ट्यावर ठेवून त्या चार ओळी लिहायच्या, दारापर्यंत चालत जायच्या, परत यायच्या आणि त्यातल्या दोन खोडायच्या. चहाचा ग्लास हातात घेऊनच फिरायच्या, आणि जिथं काही सुचेल तिथं तो ठेवून द्यायच्या. संध्याकाळी ऑफिस झाडणाऱ्या शेवंताबाई तीन-चार अर्धे ग्लास गोळा करत म्हणायच्या, "या बाईनं एक चहा पुरा पेला तं मी पेढे वाटीन."

मंगरूळपीरला, स्टँडकडून दर्ग्याकडे जाताना एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालून फवारणीच्या औषधांचा वास सारखा वर यायचा. आम्ही शाळा, वाचनालयं, शिकवणी वर्ग, वसतिगृहं यांच्या वेबसाइट बनवायचो. मालक लोकांना भेटून कामं आणायचे, मॅडम ती कामं करायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. मॅडम पस्तिशीच्या, काटकुळ्या, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं. गाव धनज, पण आठवडाभर इथंच खोली करून राहायच्या आणि शनिवारी आईकडे जायच्या. मला पहिल्या दिवसापासून त्यांनी आडनावानंच हाक मारली. राऊत.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका वाचनालयाच्या साइटवरचं एक पान. सभासद काढून टाकायचं पान. ते फक्त ग्रंथपालानं, लॉगिन करूनच वापरायचं. मी वरच्या ओळीत बरोबर लिहिलं होतं: लॉगिन नसेल तर माणसाला लॉगिनच्या पानावर पाठव. तपासलं. मला पाठवलं गेलं. खूश होऊन मी मॅडमना बोलावलं.

त्यांनी ब्राउझरची ती गुप्त खिडकी उघडली, जिच्यात आधीचं काहीच लक्षात राहत नाही. तिला त्या परकी खिडकी म्हणायच्या. कुठलीही साइट त्या आधी तिथूनच पाहत, आणि पाहताना मोठ्यानं म्हणत, "मी कोनीच नाई. आता मले काय काय करता येते?"

त्यांनी त्या पानाचा पत्ता हातानं टाइप केला, शेवटी एका सभासदाचा नंबर लिहिला. लॉगिनचं पान आलं.

"बरोबर आहे ना?" मी म्हणालो.

"आता सभासदाची यादी पाय."

यादीत तो सभासद नव्हता. उडाला होता.

मला काही कळेना. त्या माझ्या खुर्चीमागून फेऱ्या मारत बोलत राहिल्या. "त्याले लॉगिनच्या पानावर पाठव म्हनून सांगतलं तू. पन इथंच थांब, म्होरचं काही करू नको, असं कुठी सांगतलं? माणूस तिकडे गेला अन् इकडे तुह्या बाकीच्या ओळी चालूनच राह्यल्या. पडद्यावर लॉगिन दिसते, अन् मांगं काम होऊन जाते. पडद्यावर नाई दिसत म्हंजे होत नाई, असं नसते राऊत."

एक शब्द राहिला होता. थांब, एवढाच अर्थ असलेला. मग त्यांनी मला अख्खा दिवस एकच काम दिलं: त्या साइटवरचं प्रत्येक पान लॉगिन न करता उघडून पाहायचं. अजून तीन पानं सापडली. ती माझी नव्हती, आधीच्या कोणाची तरी होती. तरी त्या माझ्याचकडे पाहून म्हणाल्या, "कोन हाये थे आधी इचार. मंग काम कर." हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, सांगता येत नाही. पुढं पुढं तर नुसतं "कोन हाये?" एवढंच विचारून त्या निघून जायच्या, आणि मी ओळी परत तपासत बसायचो.

गिऱ्हाइकांशी त्यांचं फार पटायचं नाही. एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांना शिक्षकांचे फोन नंबर सगळ्यांना दिसायला हवे होते आणि स्वतःच्या वाढदिवसाचा फोटो मात्र लॉगिन केल्यावरच, म्हणजे त्याला मान राहील. मॅडम खिडकीतून वळल्या. "भाऊ, तुमचा फोटो पाहाले लोकं पासवर्ड आठवत बसतीन काय?" अध्यक्ष आधी लाल झाले, मग हसले. काम गेलं नाही, पण मालकांनी मॅडमना महिनाभर गिऱ्हाइकांसमोर येऊ दिलं नाही. मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या नंबरांवर लॉगिन टाकलं आणि अध्यक्षांचा फोटो पहिल्या पानावर लावला.

इथल्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम मात्र त्यांनी मागून घेतलं होतं. त्या स्वतः आठवीपासून बारावीपर्यंत वाशिमला वसतिगृहात राहिलेल्या. त्यांच्या वेळच्या अधीक्षिका मुलींचं रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावत, हे त्या दोन-तीनदा तरी बोलल्या असतील. "आमाले राग यायचा तिचा. म्हनायचो, काय खजिना हाये काय त्यात? आता समजते." त्यांनी केलेल्या साइटवर प्रत्येक मुलीचं नाव, खोली, सुटीवर जायच्या तारखा, तिचा आणि पालकांचा नंबर असं सगळं होतं. ते पान फक्त अधीक्षिका ढोकेबाईंना उघडायचं. ढोकेबाई पन्नाशी उलटलेल्या, मायाळू, मुलींना स्वतःच्या हातची चटणी देणाऱ्या. पासवर्डशी मात्र त्यांचं वैर होतं.

जानेवारीत एका सकाळी वसतिगृहाच्या तपासणीला माणसं आली. ढोकेबाईंनी घाईत पासवर्ड इतक्या वेळा चुकवला की खातं बंद पडलं. त्यांनी मॅडमना फोन केला. मॅडम स्टँडवर होत्या. धनजला आई अंगणात पाय घसरून पडली होती, हात सुजला होता, शेजाऱ्यांचा फोन आला होता. इकडे ढोकेबाई फोनवर रडत होत्या. साहेब समोर बसले आहेत, यादी मागत आहेत, माझी नोकरी जाते की काय. मॅडमनी स्टँडच्या बाकावर लॅपटॉप उघडला. खातं परत चालू करायला दहा-पंधरा मिनिटं लागली असती. कारंज्याची गाडी फलाटावर लागत होती. त्यांनी त्या पानावरच्या पहिल्या ओळीसमोर दोन तिरप्या रेघा टाकल्या. तशा रेघा टाकल्या की यंत्र ती ओळ वाचत नाही. ती ओळ म्हणजे "लॉगिन नसेल तर इथंच थांब."

"आता पासवर्ड नाई लागत. दाखवा त्यायले. मी तासाभरानं परत लावतो," त्या ढोकेबाईंना म्हणाल्या, आणि गाडीत चढल्या.

आईचा हात मोडला होता. कारंज्याला दवाखाना, प्लास्टर, मग घरी धुणीभांडी. मॅडम पाच दिवसांनी कामावर आल्या, त्या दुसऱ्याच घाईच्या कामाला लागल्या. आणि ढोकेबाईंना वाटलं, पासवर्डाचं लचांड कायमचं गेलं. सुट्यांच्या तारखा पालकांना पाहता याव्यात म्हणून त्यांनी चांगल्या मनानं त्या पानाची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकून दिली.

अकराव्या दिवशी ढोकेबाईंचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. जेवणाचा तक्ता बदलायचा होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या की इंझोरीच्या पल्लवीला तिच्या बापानं घरी नेलं. बारावी सायन्सची हुशार मुलगी. कोणीतरी माणूस तिला सारखे फोन करत होता. तिचं नाव, खोली नंबर, ती कोणत्या तारखेला गावी जाते, सगळं त्याला माहीत होतं. बापाच्याही फोनवर त्याचा फोन गेला. मुलगी म्हणते, मी नंबर कोणाला दिला नाही. "आता मॅडम, न देता कसा जाईन? आजकालच्या पोरी..."

मॅडमचा फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकत होतो. त्यांनी परकी खिडकी उघडली, पत्ता टाकला. मुलींची यादी समोर आली. नावं, खोल्या, नंबर. सगळ्या मुलींची.

ढोकेबाई फोनवर जेवणाच्या तक्त्याचं बोलतच होत्या.

मॅडमनी त्या दोन रेघा पुसल्या. दोन सेकंदांचं काम. मग कोणी कोणी ते पान उघडलं याची नोंद काढली आणि खाली खाली सरकवत राहिल्या. वाशिम, अकोला, नागपूर, आणखी कुठली कुठली गावं. ती नोंद संपेचना. त्यांच्या अंबाड्यातलं पेन खाली पडलं, ते मी उचलून कट्ट्यावर ठेवलं.

मालकांना त्यांनी स्वतः सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मंग बोंबलाचं कायले? वसतिगृहवाले उद्या दुसऱ्याले काम देतीन. नाव खराब होईन ते वेगळं."

"अन् त्या पोरीचं नाव?"

"तिच्या बापाचा राग उतरीन आठ दिवसात. तुमी बाहेर कोनाले बोलू नका, मॅडम. मी सांगून राह्यलो."

दुपारभर मॅडम गॅलरीत फिरल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. खालचा कृषी केंद्रवाला एकदा वर बघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच त्या खाली उभ्या होत्या. "राऊत, गाडीत पेट्रोल हाये? इंझोरीले जाऊ."

रस्त्यात त्या मागच्या सीटवर सारख्या हलत होत्या. दोनदा म्हणाल्या, गाडी थांबव. थांबवली की उतरायच्या, चार पावलं चालायच्या आणि परत बसायच्या. काय बोलायचं ते जुळवत असाव्यात. मला वाटत होतं त्यांनी परत फिरावं. तसं मी म्हणालोही नाही आणि त्याही फिरल्या नाहीत.

पल्लवीचे वडील अंगणात तूर पोत्यात भरत होते. आम्हाला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"वसतिगृहातून आल्या काय? पोरगी नाई येत आता. सांगतलं म्या बाईले."

"मी वसतिगृहातली नाई. त्यायची वेबसाइट म्या बनवली. पल्लवीचा नंबर बाहेर गेला थो माह्या चुकीनं गेला. तिनं कोनाले नाई देल्ला."

त्यांनी वर पाहिलं. "तिनं पाठवलं काय तुमाले?"

"मी तिले आजपर्यंत पाह्यलं नाई."

"मंग तिची बाजू कायले घेऊन राह्यल्या? बाई, मी अडाणी असन, पन एवढं समजते मले. न देता नंबर जात नसते."

मॅडम लॅपटॉपची पिशवी उघडू लागल्या, आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "तुमचा फोन पाहू द्या. पालकायचा ग्रुप हाये ना त्यात?"

त्यांनी हात धोतराला पुसले, फोन काढला. मॅडमनी त्यांच्याच हातात ठेवून ढोकेबाईंचा निरोप शोधायला लावला.

"हे तुमी दाबून पाह्यलं होतं?"

"हो. पोरगी कधी येते थे पाहाले."

"उघडलं?"

"उघडलं. सारीच्या साऱ्या पोरींची नावं होती."

"त्यानं तुमाले इचारलं काय, तुमी कोन हा म्हनून? नाव, पासवर्ड, काही?"

ते आठवत राहिले. "नाई."

"मंग तुमी पल्लवीचे बाप हा, हे त्याले कसं समजलं?"

"नाई समजलं." हे बोलताना त्यांचा आवाज बदलला.

"तसंच त्या फोनवाल्याचं. कोन हाये हे इचाराची ओळ म्या काढून ठेवली होती. अकरा दिवस. आता दाबून पाहा."

त्यांनी दाबलं. लॉगिनचं पान आलं. त्यांनी ते आमच्याकडे वळवून दाखवलं, जणू आम्हालाच माहीत नव्हतं. मग फोन खिशात न ठेवता तसाच तुरीच्या ढिगाऱ्यावर ठेवला.

"मंग पोरगी खरं बोलत होती," ते म्हणाले. पोतं बाजूला सारून म्हणाले, "म्या हात उचलला तिच्यावर."

पल्लवी दारात उभी होती. कधीपासून होती कोणास ठाऊक. सतरा-अठरा वर्षांची, हातात पीठ लागलेलं.

"काहून काढली थे ओळ?" तिनं विचारलं.

मॅडमनी सांगितलं. तपासणी, ढोकेबाईंचं रडणं, स्टँड. आईचं मात्र सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो.

"बाईले पासवर्ड नाई आठवला म्हनून?"

"हो."

"अन् मंग तुमी इसरल्या."

"हो. इसरली."

"माही फिजिक्सची प्रॅक्टिकल परवा होऊन गेली," पल्लवी म्हणाली आणि आत गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मॅडमनी ते मागितलंही नाही. तिच्या वडिलांनी स्वतः आत जाऊन दोन ग्लास पाणी आणलं.

परत येताना मॅडम कुठंही उतरल्या नाहीत. थेट कॉलेजवर घ्यायला लावलं. प्राचार्यांच्या खोलीत त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून सगळं हातानं लिहून दिलं: काय झालं, किती दिवस, कोणाच्या चुकीनं. कंपनीचं नाव लिहिलं नाही, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. प्राचार्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, हे कागदावर राहील. उद्या तुम्हाला अडचण येईल."

"राहू द्या. प्रॅक्टिकल घ्या पोरीची."

प्रॅक्टिकलची दुसरी तुकडी चार दिवसांनी होती. त्यात पल्लवीचं नाव घातलं गेलं. तिचे वडीलच तिला घेऊन आले, वसतिगृहाच्या फाटकात उभं राहून ढोकेबाईंना चांगलं सुनावलं आणि मुलीची पेटी आत ठेवून गेले. मॅडमनी सगळ्या पालकांना पत्रं पाठवायला लावली. पालकांची सभा झाली, तीत एक आई मॅडमच्या अंगावर धावून आली. मॅडमनी ऐकून घेतलं. फोन करणाऱ्या त्या माणसाच्या नंबराबद्दल पोलिसात अर्ज दिला. नंबर बंद लागत होता. पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

कागदाची बातमी मालकांपर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. मॅडमना त्यांनी काढलं नाही, राजीनामा द्यायला सांगितलं. शेवटच्या दिवशी मॅडमनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील. त्यांनी आमच्या सगळ्या साइटची यादी माझ्या हातात दिली. प्रत्येक पानासमोर लिहिलं होतं, कोणी उघडायचं आणि कोणी नाही. काम नीट चाललं होतं तिथं बारीक टिंब, शंका होती तिथं प्रश्नचिन्ह. माझ्या पानांसमोर प्रश्नचिन्हं जास्त होती.

त्या वाशिमला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागल्या. तरी त्यांचे फोन येत. अमुक शाळेचं निकालाचं पान पाहा, तमुक वाचनालयाचं पाहा. मालकांनी मला बजावलं होतं, बाहेरच्यांशी कामाचं बोलायचं नाही. मी "हो हो" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर पान तपासायचो. एक-दोनदा काही सापडलंही. ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पुढच्या गाडीनं आल्या असत्या.

बारावीचा निकाल लागला तेव्हा पल्लवीचं काही कळलं का म्हणून त्यांनी मला फोन केला. निकाल पाहायचा तर मुलीचा बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. पल्लवीचं दोन्ही वसतिगृहाच्या साइटवर होतं. मी म्हणालो, "मॅडम, माझ्याकडे लॉगिन आहे. पाहून सांगू का?"

"कोनी सांगतलं तुले पाहाले?" त्या ओरडल्या आणि फोन बंद केला.

गुणपत्रिका वाटायच्या दिवशी त्या कॉलेजसमोर आलेल्या मला दिसल्या. जूनचं ऊन, फाटकासमोर मुलामुलींची गर्दी. त्या रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत, कधी एका खांबाजवळ तर कधी दुसऱ्या. मला म्हणाल्या, वाशिमहून काही कामाला आले होते. मी विचारलं, आत जाऊन पाहू का? नको म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, जा. पुन्हा हात धरून थांबवलं.

तेवढ्यात पल्लवी मैत्रिणींसोबत बाहेर आली. हातात गुणपत्रिका होती, चेहऱ्यावरून पास झाली हे दिसत होतं. तिची नजर रस्त्यापलीकडे गेली. तिनं मॅडमना ओळखलं. मैत्रिणींना काहीतरी सांगून ती रस्ता ओलांडून आली आणि समोर उभी राहिली.

"नर्सिंगचा फॉर्म भरून राह्यली मी," ती म्हणाली. "टीसी घ्याची राह्यली आतून. गर्दी लय हाये." मग तिनं खांद्यावरची बॅग काढली, गुणपत्रिका तिच्यात टाकली, चेन ओढली आणि बॅग मॅडमच्या हातात दिली. "हे धरा जरा. आलीच मी."

आणि ती परत गर्दीत शिरली.

मला एका शाळेत पोचायचं होतं, उशीर झाला होता. मी गाडी काढली. वळताना पाहिलं तर तायडे मॅडम झेरॉक्सच्या दुकानासमोर ती बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या, आणि दुकानदार त्यांना आत येऊन बसा म्हणत होता.